हिवाळेबाईंच्या स्मरणसभेची कॅसेट

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, हे मला मान्य आहे. पण जरा बेतानं बोलावं. हे मी आता म्हणतेय हं, जानेवारीत म्हणत नव्हते. जानेवारीत मी आरशासमोर उभी राहून रडण्याची तालीम केली होती. हो, तालीमच! खोटं कशाला सांगू? खोटं बोलायचं तेवढं तेव्हा बोलून झालंय.

झालं असं, की आमच्या चर्चचे खजिनदार उजगरे काका एका लग्नाला नगरला गेले होते. तिथं मांडवात त्यांना कुणीतरी सांगितलं, "अहो, हिवाळेबाई गेल्या. शाळेतल्या. मागच्या आठवड्यात माती झाली." काकांनी परत आल्यावर रविवारी उपासना संपताना ते जाहीर केलं, आणि आम्ही बायकांनी तिथल्या तिथे पदर डोळ्यांना लावले. पनवेलला हिवाळेबाई एकच, एस्तेर हिवाळे. निवृत्त झाल्यावर नगरला विधवा भावजयीकडे राहायला गेलेल्या. ती भावजयसुद्धा शाळेत बाईच होती आणि तिचंही आडनाव हिवाळेच असणार, एवढा साधा विचार आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नाही. काका म्हणाले, "लग्नाच्या गडबडीत घरी जायला काही जमलं नाही," आणि आम्ही सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. बरं, मी कोण? टेलिफोन ऑफिसातली कारकून. बाईंच्या नगरच्या शेजाऱ्यांचा नंबर माझ्या घरात होता. एक फोन करायचा होता! मनात आलंसुद्धा होतं, आणि मी म्हटलं, आता कुणाशी काय बोलायचं, गेल्याच त्या. जळ्ळं मेलं लक्षण.

बाई कोण होत्या ते आधी सांगते, म्हणजे मी काय करून ठेवलं ते कळेल. नगरपालिकेच्या शाळेत त्या चौथीला शिकवायच्या. उंच, काटकुळ्या, बारीक काठाची पांढरी साडी, आणि आवाज असा की पलीकडच्या वर्गातली पोरंही गप्प बसायची. लाडबीड काही नाही, सरळ कान धरायच्या. पण कुणी कारण सांगितलं की ऐकून घ्यायच्या. पोट दुखत होतं म्हटलं की पोट दुखत होतं. दुसऱ्या बाई म्हणायच्या, "अहो, थापा मारतंय ते कार्टं." तर या म्हणायच्या, "मारत असेल. पण खरंच दुखत असलं तर?" संपलं!

दिवाळी झाली की डोंगराकडची कातकरी माणसं पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर कामाला उतरतात. मग ती पोरं शाळेत कुठली यायला? म्हणून शाळा सुटल्यावर बाईच भट्टीवर जायच्या. तिथं ना पाटी, ना फळा. ओल्या कच्च्या विटांवर काडीनं अक्षरं काढायला लावायच्या. भट्टीवाला बोंब मारायचा, माल खराब करता म्हणून. बाई म्हणायच्या, "प्लास्टरखाली जाणार आहे, कुणाला दिसतंय?" नवीन पनवेलच्या किती भिंतींत 'ग' आणि 'म' भाजून बसलेत, देवाला ठाऊक. रविवारी चर्चमधली शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, तोही त्यांचाच. प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचे इवलेइवले पेले धुऊन, एकेक उजेडात धरून पुसायचं कामही त्यांच्याकडे. पाळकांनी उपदेशात वचनाचा अध्याय चुकीचा सांगितला तर बाकावरून उठून दुरुस्त करायच्या. एका पाळकसाहेबांनी त्यामुळे बदली मागून घेतली म्हणतात.

आणि मी लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा सातवी पास होते. मला मॅट्रिक केलं ते बाईंनी. संध्याकाळी माझ्या ओट्याशी स्टूल घेऊन बसायच्या. मी पोळ्या लाटायचे आणि त्या भूमिती सांगायच्या. पोळी करपली तर चालायचं, प्रमेय चुकलेलं चालायचं नाही. आज मी दोन पैसे कमावते, नवऱ्यासमोर ताठ मानेनं बोलते, ते त्या स्टुलावर बसलेल्या बाईमुळे. आणि त्या निवृत्त झाल्या, त्यांची भाड्याची खोली पाडून तिथं इमारत उठायची ठरली, तेव्हा आम्ही चर्चतर्फे त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. भिंतच नव्हती बिचारीला! "आता कुठं जाणार, बाई?" असं सगळ्यांनी हळहळून विचारलं. "आमच्याकडे या," असं एकही जण म्हणालं नाही. नगरहून दर नाताळाला त्यांचं कार्ड यायचं, ते मी शोकेसमध्ये लावायचे. उलट कार्ड टाकू टाकू म्हणता पाडवा उजाडायचा.

तर, स्मरणसभा. तसली सभा आमच्या चर्चमध्ये आजवर कुणाची झाली नव्हती. बाहेरसुद्धा खुर्च्या मांडाव्या लागल्या. आमचे नवे पाळकसाहेब सोलापूरकडून आलेले, तरुण. त्यांनी बाईंना पाहिलेलंही नव्हतं, तरी ते गहिवरले. आमच्यात अशा सभेत साक्ष द्यायची पद्धत आहे. ज्याला आतून वाटेल त्यानं उठावं आणि बोलावं. त्या दिवशी सगळ्यांनाच आतून वाटलं. उजगरे काका म्हणाले, "माझी वरची खोली रिकामी आहे. मनातून ती मी बाईंसाठीच ठेवली होती." स्त्री मंडळाच्या अध्यक्षा सुनीताबाई म्हणाल्या, "शेवटच्या दिवसांत बाई माझ्याजवळ असत्या तर मी त्यांचे पाय धुतले असते." गोरख आला होता, बाईंचा जुना विद्यार्थी, ओवे गावचा. स्टँडवर रिक्षा चालवतो, चर्चचा नाही. तो मागे चपला हातात धरून उभा होता. पाळकसाहेबांनी बोला म्हटल्यावर म्हणाला, "मला काय बोलाय येत नाय. बाईंनी मला लय मारला. म्हनून मी वाचाय शिकलो." आणि बाहेर निघून गेला. मला मेलीला वाटलं, काय हा माणूस, सभेत असलं सांगतात का!

मग मी उठले. "बाई माझ्या आईच्या जागी होत्या," मी म्हटलं. "माझ्या घराचं दार त्यांच्यासाठी सदा उघडं होतं. एकदा, फक्त एकदा त्यांनी 'ललिता, येऊ का?' असं विचारलं असतं, तर मी त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपलं असतं. पण बाईंनी कधी विचारलंच नाही!" इथं माझा आवाज फुटला. ठरवलं होतं, बरोबर त्याच ठिकाणी फुटला. बायका हुंदके द्यायला लागल्या. मी खाली बसले तेव्हा शेजारणीनं माझा हात दाबला, आणि देवा, क्षमा कर, मला परीक्षेत पहिली आल्यासारखं वाटलं.

हे सगळं आमच्या ह्यांनी, रत्नाकरनी, टेपरेकॉर्डरवर घेतलं. पाळकसाहेबांची कल्पना अशी, की कॅसेट बाईंच्या नगरच्या भाच्याला पाठवावी, तेवढंच सांत्वन. पत्ता माझ्या शोकेसमधल्या कार्डावर होता. मी स्वतःच्या हातानं पार्सल शिवलं आणि पोस्टात टाकलं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, दुपारी, मी आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली रिक्षा थांबली आणि जरा वेळानं गोरख दारात.

"वैनी," तो म्हणाला, "बाई आल्यात."

"कोण बाई?"

"आपल्या बाई. हिवाळेबाई. खाली रिक्षात बसल्यात, दम लागलाय त्यांना."

मला वाटलं, हा दुपारचाच प्यायलाय. कठड्यावरून वाकून पाहिलं, तर रिक्षातून पांढरा पदर बाहेर आलेला आणि बाई त्याच पदरानं चष्मा पुसतायत. माझ्या हातातला ओला टॉवेल सुटला तो थेट पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनींच्या दोरीवर.

"मी स्टँडवर उभा," गोरख सांगत होता. "नगरची गाडी लागली, त्यातून उतरल्या. माजी तर बोबडीच वळली. तर त्याच बोलल्या, 'गोरख, बघतोस काय, ट्रंक घे.' सकालपासून फिरतोय आमी. उजगरे काकांच्या वरच्या खोलीत जावयाचं सामान हाय. सुनीताबाईंकडं रंगकाम चाललाय. समद्यांनी चहा पाजला. वैनी, म्हातारीनं नुसता चहा पिलाय सकालपासून."

"अरे, पण त्यांच्याकडे कशाला गेलात?"

"मी बोललो, माज्या घरी चला. तर बोलल्या, ज्यांनी बोलवलंय त्यांच्याकडं आदी जाऊ दे, नायतर त्यांना वाईट वाटंल."

"बोलावलंय? कुणी बोलावलंय?"

गोरखनं माझ्याकडे नीट पाहिलं. "क्यासेट आयकली त्यांनी," तो म्हणाला.

खाली जाऊन मी बाईंना धरून वर आणलं. ट्रंक त्यांनी रिक्षातच ठेवायला लावली. "आधी विचारून तर येऊ दे," म्हणाल्या. पलंगावर बसल्या, पाणी प्यायल्या. खूप वाळल्या होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "बाई, आम्हाला वाटलं..."

"हो गं, वाटणारच. सुशीलावहिनी गेली. माझी भावजय. नगरमध्ये हिवाळेबाई म्हटलं की तीच, मला तिथं कोण ओळखतं? पार्सल भाच्यानं उघडलं. म्हणाला, 'आत्या, तुमच्याच स्मरणसभेची कॅसेट आलीय.' आई गेल्यापासून पहिल्यांदाच हसला तो, हसून हसून ठसका लागला."

"तुम्ही ऐकलीत?"

"पुष्कळदा ऐकली. तुझा आवाज किती स्वच्छ आलाय! रत्नाकरनं मशीन चांगलं जवळ धरलं होतं."

धरणीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात ना, ते काय असतं ते मला त्या क्षणी कळलं. बाईंचं मात्र माझ्याकडे लक्ष नव्हतं, त्या आपल्या शांतपणे सांगत होत्या. भाचा घर विकून पुण्याला चाललाय. तो चला म्हणतो, पण त्याच्या बायकोच्या तोंडावरून कळतं. दोन खोल्यांत ती चार माणसं. "मग मी विचार केला, तिथं कशाला अडचण करायची, पनवेलला इतकी माणसं आपली वाट बघतायत. तू म्हणालीस ते अगदी खरं आहे, ललिता. मी कधी विचारलंच नाही. संकोच वाटायचा गं. तुझ्या घरात तुझी माणसं, आपण कसं विचारायचं? पण तू सगळ्यांसमोर म्हणालीस, तेव्हा म्हटलं, आता संकोच करणं म्हणजे तुझा अपमान." त्यांनी भांडं खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ललिता, येऊ का?"

असं सरळ विचारलं. नवीन मुलगी वर्गाच्या दारात उभी राहून विचारते तसं.

आणि माझ्या तोंडातून काय बाहेर पडावं? "आभाची बारावी आहे हो, बाई. पुढच्या महिन्यात परीक्षा. वन रूम किचनमध्ये..." खोटं नव्हतं ते. माझ्या लेकीची बारावी होतीच. पण ती अभ्यासाला दिवसभर मैत्रिणीकडे असते, घरी येते ती जेवायला आणि झोपायला. हे बाईंना कुठं माहीत?

"अगोबाई, बारावी का?" त्या लगेच म्हणाल्या. "मग बरोबर आहे. बारावीला घरात शांतता हवी. सायन्स घेतलंय का तिनं? मग तर बोलायलाच नको." मलाच बरं वाटावं म्हणून त्या बोलत होत्या. "उजगरेंचंही तसंच झालं बघ. आलेल्या जावयाला कुठं टाकतील? माणसांना अडचणी असतात गं. मी पाळकसाहेबांकडे जाते, ते काहीतरी सुचवतील."

उठल्या आणि गेल्या. मी जाऊ दिलं! वर दारातून "जपून उतरा हं" म्हटलं, काळजीवाहू कुठली.

संध्याकाळी हे घरी आले. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "अहो, असं काय बघता? तुम्हीच सांगा, जागा आहे का आपल्याकडे?"

"जागा कधीच नव्हती," हे म्हणाले. "मी टेप बंद करायला हवा होता."

एवढंच. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी भाकरी थापत होते आणि माझं मलाच ऐकू येत होतं, 'सदा उघडं होतं, सदा उघडं होतं.' आभाला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आई, माझं नाव कशाला सांगितलंस?" तिच्यावर मी असा आवाज चढवला की ती ताट सोडून उठली. राग कुठंतरी काढायचा होता, तो बिचारीच्या वाट्याला आला.

रविवारी चर्चला लवकर गेले. पाळकसाहेबांनी रात्री स्वतःची खोली बाईंना दिली होती आणि ते उपासनेच्या बाकावर झोपले होते. वेस्ट्रीत, म्हणजे वेदीमागच्या खोलीत, कमिटी जमली होती, सगळे कुजबुजत होते. उजगरे काका म्हणत होते, "पुण्याला आपल्या लोकांचा एक वृद्धाश्रम आहे. माझी ओळख आहे तिथं. बाईंची अगदी उत्तम सोय होईल." सगळ्यांना हायसं वाटलं. मला पण वाटलं, कशाला लपवू? तेवढ्यात माझं लक्ष भिंतीकडे गेलं. बाईंचा मोठा फोटो, फुलांचा हार वाळून काळा पडलेला, तसाच लटकत होता. मी खुर्चीवर चढून तो काढायला लागले आणि मागून आवाज आला, "राहू दे. चांगला आलाय फोटो. आज ना उद्या लागेलच."

काका खोकले. सुनीताबाईंनी उगीचच गीतांची पुस्तकं मोजायला घेतली. बाई म्हणाल्या, "सलाम सगळ्यांना," आणि आपल्या जुन्या, खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसल्या.

उपदेश काय होता ते मला विचारू नका. साक्षीची वेळ झाली आणि बाई उठल्या, तेव्हा आख्ख्या चर्चनं श्वास रोखून धरला. मला वाटलं, आता काढतात सगळ्यांची. काढू देत, मोकळं तरी होईल.

"मला उभं राहून फार बोलवत नाही," बाई म्हणाल्या. "मला तुमची क्षमा मागायची आहे. नगरला गेल्यावर मी तुमच्याबद्दल फार वाईट विचार केला. वाटायचं, इतकी वर्षं यांच्यात राहिले, यांच्या मुलांना शिकवलं, आणि एकानंही म्हटलं नाही की बाई, राहा. प्रार्थनेला बसले की हेच मनात. एका नाताळाला तर कार्ड टाकायचं नाही असं ठरवलं होतं. मग टाकलं, पण रागानं टाकलं. आणि आता ही कॅसेट आली. ऐकून मला माझीच लाज वाटली. तुमच्या सगळ्यांच्या मनात होतं, दारं उघडी होती, आणि मी तुम्हाला दगडाच्या काळजाचे समजत होते. आज प्रत्येकाची काही ना काही अडचण आहे, त्याला कोण काय करणार? पण तेव्हा तुम्ही वाट बघत होतात आणि मी तुमच्यावर राग धरला. प्रभूनं मला क्षमा करावी, आणि तुम्हीही करा."

आणि त्यांनी हात जोडले. आमच्यासमोर!

टोमणा असता तर मी आनंदानं सोसला असता हो. पण बाईंना टोमणा मारायला येतच नाही. मनापासून बोलत होत्या त्या. पाळकसाहेबांनी आमेन म्हणायचं, तर ते खाली मान घालून उभे. कुणी हलेना. आणि मी उभी राहिले. या वेळी काही ठरवलं नव्हतं.

"बाई, हात खाली करा," मी म्हटलं. "दार उघडं नव्हतं."

"ललिता, खाली बस," उजगरे काका पुटपुटले.

"नाही बसत, काका. तुमचं तुम्ही बघा, मी माझं सांगते. बाई, मी खोटं बोलले. तुम्ही नगरला जायला निघालात तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तेव्हा विचारलं असतंत तर मी नाहीच म्हटलं असतं. काल विचारलंत, तर नाहीच म्हटलं. आभाच्या अभ्यासाला तुमची काही अडचण नाही. मलाच घरात कुणाचं म्हातारपण नको होतं. तुम्ही गेलात असं कळलं म्हणून मी तेवढं छान बोलले. जिवंत आहात हे माहीत असतं तर मी तोंड उघडलं नसतं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर उतरत गेला. मग त्या वळल्या आणि सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. उजगरे काका, सुनीताबाई, साठे, पारखे, थोरात, ज्यांच्या ज्यांच्या पोरांचे कान त्यांनी धरले होते ते सगळे.

"कुणाचंच दार उघडं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

एकानंही मान वर केली नाही. बाई हळूच खाली बसल्या. पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना कशीबशी केली, आणि एरवी दारात तासभर गप्पा मारणारी आमची मंडळी पाच मिनिटांत पांगली. कुणी कुणाला सलाम केला नाही. काही जण माझ्याकडे असं बघत गेले, की जणू मीच त्यांचं वस्त्र फेडलं.

बाई बाकावरच होत्या. मी जाऊन शेजारी उभी राहिले. शेजारी बसायची हिंमत नव्हती.

"बाई, घरी चला."

"आता कशाला?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "लाज वाटली म्हणून?"

"हो," मी म्हटलं. "दुसरं काही नाही माझ्याकडे. माया आहे म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

खिडकीबाहेर गोरखची रिक्षा उभी होती आणि तो सीटवर बसून इकडेच बघत होता.

"मी रागावले आहे तुझ्यावर," बाई म्हणाल्या.

"रागवा."

"लवकर जायचा नाही हा राग."

"नको जाऊ दे. पण घरी चला."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ट्रंक जड आहे," म्हणाल्या. "रत्नाकरला सांग, एकट्यानं उचलू नकोस."

दुपारी आम्ही जिना चढत होतो. पुढं बाई, त्यांच्या मागं मी, आणि खाली हे आणि गोरख ट्रंकेची दोन टोकं धरून. तुम्हाला वाटेल, माझं मन आता धुऊन स्वच्छ झालं असेल. कसलं काय! पायरी चढताना मी मनात पलंग सरकवत होते, आभाचं टेबल कुठं लावू, अंघोळीचा नंबर कसा लावू, आणि किती वर्षं. हो, तेही आलं मनात. सगळ्या चर्चसमोर बोलून तासही झाला नव्हता, आणि तरी आलं.

पहिल्या मजल्यावर कुलकर्णी वहिनी दारात उभ्या होत्या, माझा कालचा टॉवेल घडी करून हातात. "पाहुण्या वाटतं?" त्या हसून म्हणाल्या. "किती दिवस मुक्काम?"

साधा प्रश्न. पण ट्रंक जिन्यात थांबली. बाई कठडा धरून उभ्या राहिल्या आणि भिंतीकडे बघायला लागल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. काय ऐकायला मिळेल याची त्यांना भीती वाटत होती. चौथीच्या वर्गाला धाकात ठेवणारी ती बाई, आणि तिला माझी भीती वाटत होती.

"राहायला आल्यात," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की वहिनींनी कान पुढं केला. "काय म्हणालात?"

"राहायला आल्यात!" मी ओरडले. पार वरच्या मजल्यापर्यंत गेला आवाज. "पाहुण्या नाहीत. आता इथंच राहणार!"

वहिनी दचकून मागं सरल्या. वर कुणाचं तरी दार उघडलं.

"रविवारची दुपार आहे, ललिता. माणसं झोपलेली असतात," बाई म्हणाल्या. राग तसाच होता आवाजात. मग, आधाराला दुसरं काही नव्हतं म्हणून असेल, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढची पायरी चढल्या.